खाडी आडवी येते तिथे सायकल धावते

रायगड जिल्ह्यात मोटारींना कायद्याने बंदी असलेलं गाव एकच, माथेरान, आणि ते डोंगरावर आहे. किनाऱ्यावर फक्त सायकलींसाठी राखलेला रस्ता नाही. तरीही मांडव्यापासून बागमांडल्यापर्यंतच्या सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या किनारपट्टीत असे लांबच लांब तुकडे आहेत, जिथे सकाळच्या तासाभरात एक एसटी, दूधवाल्याची मोटारसायकल आणि म्हावरं घेऊन निघालेला एखादा टेम्पो यापलीकडे काही भेटत नाही. हे तुकडे नशिबावर सोडू नयेत. कोणत्या वारी, किती वाजता आणि कोणत्या फाट्याने आत शिरायचं, हे आधी ठरवलं तर ते हमखास सापडतात.

त्यासाठी नकाशा उघडून आधी खाड्या बघा. उत्तरेला धरमतरची खाडी, मग रेवदंड्याला कुंडलिकेची, मुरूडच्या पुढे राजपुरीची आणि अगदी दक्षिणेला सावित्रीचं मुख, म्हणजे बाणकोटची खाडी. या खाड्यांनी किनाऱ्याचे तुकडे पाडले आहेत, आणि सायकलस्वाराचं सगळं सुख त्या तुकड्यांत आहे. जिथे पूल आहे तिथे लांब पल्ल्याची वाहनं धावतात. जिथे रस्ता पाण्याशी येऊन थांबतो आणि पुढे तर किंवा जंगलजेटीची बोट घ्यावी लागते, तिथे घाईची वाहतूक आपोआप गळून पडते. म्हणून माझा पहिला सल्ला असा: गावात रस्ता विचारताना ‘किती किलोमीटर’ यापेक्षा ‘पुढे पूल आहे की तर’ हे विचारा. तर असेल तर त्या रस्त्याला सायकल घाला.

मुंबईकडून येणाऱ्यांनी वडखळमार्गे सायकल हाणत येण्याचा विचार सोडून द्यावा. मुंबई-गोवा महामार्ग आणि वडखळ-अलिबाग रस्ता या दोन्हींवर अवजड वाहनांची इतकी वर्दळ असते की ते सगळे किलोमीटर नुसते जीव मुठीत धरून काढावे लागतात. त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो घ्यावी. २०२० साली सुरू झालेल्या या बोटीवर मोटारींबरोबर सायकलही जाते आणि साधारण तासाभरात आपण पलीकडे उतरतो. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाणाऱ्या लाँचींचं गणित आणखी वेगळं: रेवसच्या बंदरात गाळ साचलेला असल्याने मोठ्या ओहोटीला त्यांच्या फेऱ्या रद्द होतात. वेळापत्रकाची खात्री आदल्या संध्याकाळी फोनवरच करून घ्यावी.

मांडव्याला उतरल्यावर लगेच निघू नका. बोटीतून सुटलेल्या मोटारींचा लोंढा पहिल्या पाच-दहा मिनिटांत निघून जातो. तेवढ्यात जेटीवर चहा घ्या, हवा तपासा, सामानाचे पट्टे आवळा. लोंढा गेला की पुढची बोट येईपर्यंत रस्ता मोकळा असतो. हाच नियम आगरदांडा-दिघीला आणि बागमांडल्यालाही लागू आहे: बोटीतून शेवटी उतरायचं आणि सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचं. सायकलवर घालवलेल्या अख्ख्या दिवसाची शांतता या पाच-दहा मिनिटांच्या थांबण्यावर अवलंबून असते.

ज्यांना एकाच दिवसात परत फिरायचं आहे त्यांच्यासाठी मांडवा, सासवणे, आवास, किहीम, मग नवगाव-थळच्या बाजूने अलिबाग हा मार्ग उत्तम. जाऊन-येऊन ४५ ते ५० किलोमीटर भरतात, चढ नावापुरते आहेत आणि सावली भरपूर आहे. हमरस्त्याने न जाता गावागावांतून जायचं. वाट चुकली तरी एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कनकेश्वराचा डोंगर असल्याने फार भरकटायला होत नाही. सासवण्यात शिल्पकार नानासाहेब करमरकर यांचं घर आणि शिल्पालय आहे. पुण्यातला शिवरायांचा भव्य अश्वारूढ पुतळा घडवणारे हे करमरकर याच गावचे. त्यांनी घडवलेली कोळीण आणि गावातली इतर माणसं बघायला अर्धा तास तरी राखून ठेवा. किहीमच्या झाडीत सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला. अलिबागला वेधशाळा आली तीही शांततेसाठीच: मुंबईत विजेच्या ट्राम धावणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय नोंदींची उपकरणं बिघडण्याची भीती होती, म्हणून १९०४ मध्ये ते काम इथे हलवण्यात आलं. गोंगाटापासून दूर सरकायची ही या किनाऱ्याची ओळख जुनी आहे.

शनिवार-रविवारी मात्र हाच मार्ग ओळखू येत नाही. मंगळवार, बुधवार, गुरुवार हे सायकलीचे वार. नाताळ ते नववर्षाचा आठवडा, सलग सुट्ट्या आणि मे महिना सरळ टाळावा. सुट्टी फक्त रविवारचीच मिळत असेल तर उजाडताच निघावं आणि नऊच्या आत मुक्कामी पोचावं. पर्यटकांच्या गाड्या साधारण दहानंतर रस्त्यावर येतात. तोवर आपलं मुख्य काम झालेलं असलं पाहिजे.

अलिबाग ते रेवदंडा हे सुमारे १७-१८ किलोमीटर. हा रस्ता अरुंद, वळणावळणांचा आणि दोन्ही बाजूंना कुंपणं असलेला, त्यामुळे वाहन आलं तर बाजूला व्हायला जागा नसते. इथे वाड्यांमधले आतले रस्ते वापरायचे. आक्षी, नागाव आणि चौलमध्ये हमरस्त्याला समांतर, नारळी-पोफळीच्या सावलीतून जाणाऱ्या आळ्या आहेत. त्या लोकांच्या दारांतून जातात, म्हणून वेग माणसाच्या धावण्याइतकाच ठेवा आणि घंटी हळू वाजवा. अंगणात कुणी दिसलं तर ‘काका, ही वाट चौलला निघते ना?’ असं विचारून पुढे जावं. परवानगीची गरज नसते, पण विचारलं की पुढची चांगली वाट आपसूक कळते. आक्षीचा शके ९३४ चा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. चौलच्या रामेश्वराच्या देवळासमोरची पोखरण ही सकाळच्या न्याहारीनंतर टेकायला या पट्ट्यातली सर्वांत चांगली जागा.

रेवदंड्याच्या पुलावर आणि पलीकडे साळावच्या फाट्यापर्यंत काळजी घ्या. पूल अरुंद आहे आणि कारखान्याच्या अवजड गाड्या इथूनच वळतात. कडेला चिकटून चालवू नका. मागचं वाहन अंगाला घासून पुढे काढायचा मोह तिथेच होतो. आपल्या बाजूच्या मध्यावर राहा, पूल संपला की बाजूला थांबून मागच्यांना वाट द्या. साळावचा फाटा मागे पडला आणि कोर्लईकडे वळलं की रस्त्याचा स्वभाव बदलतो. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला फणसाडचं जंगल. १९८६ पासून अभयारण्य असलेल्या या रानात शेकरू आहेत, आणि सकाळी झाडांवरून त्यांचा आवाज येतो. कोर्लई गावात पोर्तुगीज काळापासून टिकून राहिलेली स्वतंत्र बोली अजून घराघरांत बोलली जाते. काशीदला थांबायचं असेल तर आठच्या आत थांबा. नंतर तिथे गाड्यांचा तळ पडतो. काशीद ते नांदगाव हा पट्टा चढ-उताराचा आहे, वळणं आंधळी आहेत. प्रत्येक वळणाआधी घंटी वाजवायची. हातात मोबाइल धरून समुद्राचं चित्रीकरण करत चालवणं इथे जिवावर बेतू शकतं.

मुरूडहून आगरदांडा आठ-दहा किलोमीटर. मधे राजपुरीची चढण लागते, आणि वरून जंजिरा दिसतो. तिथे थांबावंच. आगरदांड्याहून दिघीला जाणारी बोट राजपुरीची खाडी ओलांडते आणि इथून पुढे या किनाऱ्याचा खरा गाभा सुरू होतो. दिघीच्या बंदराकडे जाणारा मोठा रस्ता ट्रकांचा आहे, तो आतल्या बाजूने बोर्ली पंचतनकडे जातो. आपण तो धरायचा नाही. आदगाव-वेळासकडून किनाऱ्याने दिवेआगरला जाणारा रस्ता धरायचा. चढ आहेत, काही ठिकाणी उतरून ढकलावी लागेल. त्यात कमीपणा काहीच नाही. रायगडात दोन वेळासांचा घोळ होत नाही, पण नकाशावर होतो: कासवांसाठी प्रसिद्ध असलेलं वेळास बाणकोटच्या खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्ह्यात आहे, हे त्याहून वेगळं.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा वीसेक किलोमीटरचा किनारी रस्ता माझ्या मते महाराष्ट्रातला सर्वांत सुंदर सायकलरस्ता आहे. भरडखोलचा कोळीवाडा, शेखाडी, कोंडविल, आरावी अशी गावं लागतात आणि त्यांच्या मधल्या भागात रस्ता खडकाच्या कडेवरून समुद्राला जवळजवळ लागून धावतो. दिवेआगरहून सकाळी उजेड फुटताच निघावं, कारण डोंगर पूर्वेला असल्याने पहिला दीड तास रस्त्यावर सावली असते आणि समुद्रावर मात्र ऊन पडलेलं असतं. वीस किलोमीटरला अडीच तास द्या. भरडखोलला रस्त्याच्या कडेने आणि बांबूंच्या वलांडींवर मासळी सुकत घातलेली असते. तिच्यावरून चाक जाणार नाही हे बघणं आपलं काम. होड्या लागत असतील तर तिथे थोडं थांबावं, मावश्यांचा लिलाव ऐकावा, पण फोटो काढण्याआधी विचारावं. शेखाडीपुढे दुकानं जवळजवळ नाहीत आणि मोबाइलला रेंज भरवशाची नाही, म्हणून पाणी दिवेआगरलाच भरून घ्यायचं, माणशी दोन लिटर. ओळखपत्र जवळ असू द्या. १९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं याच किनाऱ्यावर उतरवली गेली होती, तेव्हापासून इथे पोलिसांची नजर असते. विचारपूस झाली तर शांतपणे उत्तर द्यावं; ते बहुतेकदा पुढच्या रस्त्याची माहितीही देतात.

जुन्या प्रवासवर्णनांत श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांची गर्द सावली वाचून कुणी आलं तर त्याला मोकळं आभाळ दिसेल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच भागात जमिनीवर आदळलं आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव दूरवर होतं. सुपारीचं रोप फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात, त्यामुळे बागायतदारांचं ते नुकसान एका हंगामाचं नव्हतं. अशा घरी मुक्काम केला, जेवलात, सोललेली सुपारी विकत घेतलीत, तर तुमचे पैसे योग्य ठिकाणी पोचतात. मोठ्या रिसॉर्टपेक्षा घरगुती खोली मी नेहमी सुचवतो, आणि त्यामागे सोयीचंही कारण आहे: तिथे सायकल पडवीत किंवा घरात घेऊ देतात, धुवायला बादलीभर गोडं पाणी मिळतं आणि सकाळी सहाला कुणीतरी जागं असतं.

एक अडचण लक्षात ठेवा. आडवारी रस्ते रिकामे असतात तशा खानावळीही थंड असतात. पाहुणे नसतील तर चूल पेटत नाही. सकाळी निघतानाच दुपारच्या गावी फोन करून ‘दोन ताटं, साडेअकराला’ असं सांगून ठेवावं. हिवाळ्यात मुक्कामाच्या घरी पोपटीची चौकशी करा. भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगा भाजण्याचा हा रायगडी बेत दिवसभर पॅडल मारलेल्या माणसाला फार मानवतो. वाटेत शहाळी आणि कोकम सरबत मिळतं. सरबतात मीठ घालायला सांगा, घामातून ते गेलेलं असतं.

हंगामाबद्दल: नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. ऑक्टोबरात दमट उकाडा असतो, आणि भातकापणी चालू असते. ज्या गावांत भात रस्त्यावर वाळवतात किंवा पेंढा पसरतात, तिथे उतरून चालत जावं; धान्य तुडवलं जाऊ नये आणि पेंढा साखळीत गुंतू नये. पावसाळ्यात हा किनारा डोळ्यांचं पारणं फेडतो, पण उतारांवर शेवाळ धरतं, बोटी ऐनवेळी रद्द होतात आणि वळणावर समोरचं दिसत नाही. अनुभवी माणसाने छोटी फेरी करावी, नवख्याने नाही.

आणि वारा. तो समजून घेतला तर निम्मे कष्ट वाचतात. हिवाळ्यात पहाटेपासून जमिनीवरून समुद्राकडे हलका मतलई वारा असतो. अकरा-साडेअकरानंतर खारा वारा सुरू होतो आणि या किनाऱ्यावर तो बहुतेकदा वायव्येकडून येतो. म्हणजे दुपारनंतर उत्तरेकडे तोंड करून चालवणाऱ्याच्या छातीवर आणि दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या पाठीवर. म्हणून हा प्रवास मांडव्याहून बागमांडल्याकडे करावा, उलटा नाही. तरीही सकाळी साडेदहा ते दुपारी साडेतीन सायकल झाडाखालीच बरी. रोज ३५ ते ४५ किलोमीटर धरले तर चार दिवसांत सगळा किनारा होतो: पहिला मुक्काम नागाव किंवा चौल, दुसरा मुरूड, तिसरा दिवेआगर, चौथा श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर.

सायकल कोणती? महागडी नको. घरातली साधी गिअरची सायकल चालते, फक्त टायर ३२ मिलिमीटरपेक्षा बारीक नसावेत. गावागावांतले गतिरोधक, जेटीच्या तोंडाशी साचलेली वाळू आणि उखडलेली खडी यांवर बारीक टायर टिकत नाहीत. दोन ट्यूब, पंक्चरचं साहित्य, हातपंप आणि साखळी जोडायची कडी जवळ ठेवा. सायकलीचं दुकान अलिबागला मिळेल, पुढे दुचाकीचे पंक्चरवाले. त्यांच्या हवेच्या पाइपला बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह बसत नाही. नखाएवढं पितळी अडॅप्टर जवळ असेल तर अडचण येत नाही. मागे लाल दिवा दिवसाही चालू असावा. खारी हवा आणि बोटीवर उडणारं पाणी हे साखळीचे वैरी आहेत: रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने सायकल हलकेच धुवा, फडक्याने साखळी पुसा, तेलाचे थेंब सोडा. ओहोटीच्या कठीण वाळूवर सायकल घालण्याचा मोह होतो. मी घालत नाही आणि कुणाला सांगतही नाही. वाळू बेअरिंगमध्ये शिरते, आणि दिवेआगर-हरिहरेश्वर भागात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्यांच्या वाळूवर चाकं नकोतच.

पहाटे गावच्या वेशीवर कुत्री अंगावर येतात. पळ काढू नका. उतरा, सायकल मधे धरा, हळू बोलत चालत राहा. वाडी संपली की ती परत फिरतात.

किनाऱ्याचा कंटाळा आला तर आत वळायलाही वाटा आहेत. साळावहून कुंडलिकेच्या काठाने चणेऱ्यावरून रोह्याला जाता येतं. इंदापूर-तळा बाजूने मांदाडकडे उतरलं की राजपुरी खाडीच्या वरच्या टोकाशी कुड्याची बौद्ध लेणी आहेत. एवढी मोठी लेणी आणि एवढा निर्मनुष्य रस्ता एकत्र क्वचित मिळतो.

हे सगळं लवकर बघून घ्या, असं कळकळीने सांगावंसं वाटतं. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासून चर्चेत असलेल्या रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पूल बांधण्याचं काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलं आहे. किनाऱ्यावरच्या माणसांना पूल हवे आहेत आणि ते त्यांच्या हक्काचे आहेत. बाळंतिणीला दवाखान्यात नेताना बोटीची वाट बघायला लागू नये. पण पुलांबरोबर सायकलीची पट्टीही मागता येते. जपानात ओनोमिची ते इमाबारी हा सुमारे ७० किलोमीटरचा शिमानामी काइडो बेटाबेटांना जोडणाऱ्या पुलांवरूनच जातो. पुलांवर सायकलींची वेगळी वाट आहे, बेटांवर रस्त्याच्या कडेला निळी रेघ आखलेली आहे, आणि देशोदेशीचे लोक तो चालवायला येतात. राजपुरीच्या खाडीवरच्या पुलाला दोन मीटरची अशी पट्टी मिळाली आणि जुन्या किनारी रस्त्यावर वेगमर्यादा पाळली गेली, तर अवजड वाहतूक महामार्गावर जाऊन गावांतले रस्ते उलट अधिक शांत होतील. आपापल्या सायकल गटाने ग्रामपंचायतींना सोबत घेऊन हे निवेदन आत्ताच द्यायला हवं. खांब उभे राहिल्यावर पुलाची रुंदी वाढत नाही.

परतीचं. हरिहरेश्वरपासून बागमांडला जवळच आहे. तिथून वेश्वीला जाणारी बोट घेतली की रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. घरी परतायचं असेल तर श्रीवर्धनहून म्हसळामार्गे माणगाव गाठावं लागतं. हा रस्ता घाटाचा आणि वाहतुकीचा आहे, शेवटच्या दिवशी दमलेल्या पायांनी तो करू नये. श्रीवर्धनला छोटा टेम्पो ठरवून सायकली माणगाव स्थानकावर न्याव्यात. रेल्वेने न्यायच्या तर सामानाच्या डब्यासाठी पावती करावी लागते आणि गाडी तिथे फार वेळ थांबत नाही, म्हणून आदल्या दिवशी स्थानकावर चौकशी करावी, गाडीच्या तासभर आधी पोचावं, पॅडल आधीच काढून पिशवीत ठेवावेत आणि सायकलीला नाव-पत्त्याची चिठ्ठी बांधावी.